पंधरा वर्षांच्या अलीकडे सही नको

प्रश्न : भाऊ, माझे यजमान लष्करात लान्स नायक आहेत. भरती होऊन १३ वर्षे ७ महिने झाले. फाल्गुनात मामाजींना (सासऱ्यांना) लकवा मारला, उजवी बाजू गेली. सहा एकर कपाशी-तुरीचा भार माझ्यावर आणि एका सालदारावर आला. यजमान म्हणतात, डिस्चार्जचा अर्ज टाकतो आणि घरी येतो. काय करावं?
– एक सैनिकपत्नी, दिग्रस तालुका

उत्तर : ताई, आजच फोन लावा आणि अर्ज थांबवा. त्यांनी घरी यावं, पण आत्ता नाही.

जवानाला पेन्शन लागते ती १५ वर्षांच्या सेवेनंतर. त्याआधी स्वतःहून निघाले तर दर सहा महिन्यांच्या सेवेमागे अर्धा पगार, म्हणजे साडेतेरा पगारांची सर्व्हिस ग्रॅच्युइटी, शिवाय भविष्य निधीतली त्यांची स्वतःची शिल्लक मिळेल. महिन्याला येणारं काहीच नाही. त्याहून जास्त बोचणारी गोष्ट दुसरीच. पेन्शन न मिळवता स्वतःच्या विनंतीवरून निघालेला जवान नियमाच्या भाषेत ‘माजी सैनिक’ ठरत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड नाही, नोकरीतल्या राखीव जागा नाहीत.

आमच्या शेजारच्या गावचा एक जण १४ वर्षे ३ महिन्यांवर भावाच्या धुऱ्याच्या भांडणापायी निघून आला. बियाण्याच्या पिशवीत डिस्चार्ज बुक गुंडाळून तो माझ्याकडे आला होता. मी पानं उलटली, तारखा मोजल्या, पुन्हा मोजल्या. नऊ महिने कमी. त्याच्या बायकोच्या डायलिसिसचे पैसे तो आज कापूस विकून भरतो. म्हणून हे इतकं जोर देऊन लिहितोय.

तुमच्या यजमानांना १५ वर्षांसाठी १७ महिने उरलेत. तेव्हा मूळ वेतन समजा ३५,००० असलं, तर सैनिकी सेवा वेतनाचे ५,२०० मिळवून ४०,२००. त्याच्या निम्मे २०,१०० पेन्शन, वर महागाई भत्ता. जन्मभर. १७ महिन्यांसाठी शेत मक्त्याने द्या. सासऱ्यांच्या हयातीत जमीन दुसऱ्याला दिली म्हणून लोक बोलतील, बोलू द्या.

जमलं तर १७ वर्षे भरू द्या. त्यांच्या वेळी भरती झालेल्या शिपायाचा आणि लान्स नायकाचा करार तेवढ्याचा असतो. करार पुरा करून निघालेला आणि मुदतीआधी मागून निघालेला, यांत सरकार फरक करतं. ७ नोव्हेंबर २०१५ च्या वन रँक वन पेन्शनच्या (सारखं पद, सारखी सेवा, तर सारखी पेन्शन) आदेशात, यापुढे मुदतीआधी स्वतःहून निघणाऱ्यांना तो लाभ नाही, असं लिहिलंय. मूळ पेन्शन मिळते, पण त्या योजनेत इतरांची वाढते तशी वाढत नाही.

दरम्यान हातात काय आहे? वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची कॅज्युअल, अशी सुट्टी आहे. दुसरं, घरच्या अडचणीवरून घराजवळ बदली मागता येते. कामठी आणि पुलगाव दोन्ही आपल्याच विदर्भात आहेत. अर्ज युनिटमधूनच जातो. सोबत लकव्याचे डॉक्टरी कागद, सातबारा आणि घरात दुसरा कर्ता माणूस नसल्याचा दाखला जोडा. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हे सारं आधी दाखवून घ्या. मामाजींचं नाव अवलंबित म्हणून नोंदलेलं असेल तर त्यांचा इलाज कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात होतो. नोंदलं नसेल तर ते पहिलं काम.

लष्करातल्या अकराव्या वर्षी मीही असाच अर्ज लिहिला होता. बाप गेला होता, आई एकटी. आमच्या सुभेदार साहेबांनी तो कागद चार घड्या करून माझ्याच खिशात कोंबला आणि म्हणाले, ‘पहले छुट्टी जा.’ ती सुट्टी मी आईच्या चुलीजवळ बसून काढली, तुरी घरात आणल्या आणि परत गेलो. पूर्ण करार करून निघालो.

पोळ्याला यजमान सुट्टीवर येतील. त्यांची भरतीची नेमकी तारीख मला कळवा. बिनपगारी रजेचे किंवा शिक्षेचे दिवस असतील तर तेही कळवा. ते पेन्शनच्या सेवेतून वजा होऊ शकतात.