फोन तुमच्या हातातच राहू द्या

दृष्टिहीन आणि अंधूक दिसणाऱ्या वाचकांनी, तसंच त्यांच्या घरच्यांनी संगणक आणि मोबाइलबद्दल पाठवलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या लेखिकेची नजर रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटलाच्या आजारामुळे हळूहळू गेली. त्या रोजचं सगळं काम स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, करतात.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, वय ६८. दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला (दृष्टिपटलाचा मधला भाग) खराब झालाय. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. सुनेनं फोनमध्ये टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) चालू करून दिलं, तर फोनला वेडच लागलं. दाबलं तरी काही उघडेना, बोट लागेल तिथलं बडबडायला लागला, पान सरकेना. दहा मिनिटांत बंद करायला लावलं. सध्या भिंगावर भागवतोय. या वयात मला हे जमेल का?

उत्तर : सर, सूनबाईंनी गाडी सुरू करून दिली आणि ब्रेक कुठे आहे ते सांगायचं राहून गेलं, एवढंच झालंय.

टॉकबॅक चालू असताना एका बोटाचा स्पर्श म्हणजे ‘इथे काय आहे?’ हा प्रश्न. फोन फक्त उत्तर देतो, करत काही नाही. जे ऐकलं ते हवं असेल, तर पटकन दोनदा टिचकी मारायची. आणि ही दुसरी गोष्ट कुणी सांगतच नाही : ती टिचकी त्याच जागी मारावी लागत नाही. स्क्रीनवर कुठेही मारा. नेम धरायचा नाही, म्हणून तर हे आपल्याला जमतं. पान सरकवायला दोन बोटं लागतात. एक बोट डावीकडून उजवीकडे फटकारलं की पुढची गोष्ट वाचली जाते, उलट फटकारलं की मागची. पहिल्या आठवड्यात एवढंच करा.

मी पहिल्या दिवशी तासभर फक्त वेळ शोधत होते. स्क्रीनच्या वरच्या कडेला घड्याळ असतं हे डोळ्यांना माहीत होतं, बोटाला नव्हतं. बोट कधी बॅटरीवर, कधी नेटवर्कवर, कधी कशावरच नाही. शेवटी ‘चार वाजून बारा मिनिटं’ असं ऐकू आलं, तेव्हा मला कोण आनंद झाला. वेळ कळून उपयोग काहीच नव्हता, चहा केव्हाच गार झाला होता.

आता ब्रेक. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकत्र साधारण तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक बंद होतं, पुन्हा तसंच केलं की चालू. मात्र हा शॉर्टकट टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये आधी चालू केलेला आहे ना, ते सुनेला आजच बघायला सांगा. आयफोनवर हेच काम बाजूचं बटण तीनदा दाबून होतं. तिथेही सुलभतेच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट म्हणून व्हॉइसओव्हर (आयफोनचा स्क्रीन रीडर) आधी निवडून ठेवावं लागतं. बंद करता येतं हे एकदा कळलं, की चालू करायची भीती जाते.

भिंग सोडू नका. तुमच्यासारख्यांनी एकच बाजू धरायची सक्ती कुणी केलेली नाही. फोनचं स्वतःचं भिंगही असतं, अँड्रॉइडवर ते तीन टिचक्यांनी उघडेल असं लावून घेता येतं. नाव, आकडा, फोटोतला चेहरा भिंगाखाली बघा. लांबलचक मजकूर कानाने वाचा. संध्याकाळी डोळे दुखायचे थांबतात, हा माझा अनुभव. फक्त तुमचं आणि माझं एक उलटं आहे. माझी नजर कडांकडून गेली, मधे नळीएवढं उरलं होतं. अक्षर जितकं मोठं करावं, तितकं ते नळीत मावेना. तुमचा मधला भाग गेलाय, त्यामुळे तुम्हाला मोठं अक्षर उपयोगी पडेल. म्हणून दुसऱ्या कुणाच्या फोनचं सेटिंग जसंच्या तसं उचलू नका, माझंसुद्धा.

प्रश्न : संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे म्हणतात. फुकटचं म्हणजे कामचलाऊ असेल ना? विकतचं जॉजच घ्यावं का?

उत्तर : नाही, कामचलाऊ नाही. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. पुढे जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. ज्यांना स्वतःला रोज वापरायचंय त्यांनी बनवलंय, आणि ते वापरताना कळतं. जॉज जुनं, डॉसच्या काळापासूनचं. तेही टेड हेन्टर या दृष्टिहीन माणसानेच सुरू केलं. तुमच्या ऑफिसमधलं एखादं खास सॉफ्टवेअर जॉजवरच नीट बोलत असेल, तर ते ऑफिसला घ्यायला सांगा. स्वतःच्या खिशात हात घालण्याआधी एनव्हीडीए महिनाभर वापरून बघा. इन्सर्ट आणि १ दाबलं की दाबाल त्या बटणाचं नाव ते सांगतं, करत काही नाही. तिथूनच सुरुवात करा.

प्रश्न : मी कार्यालयात काम करतो, पूर्ण अंध आहे. इंग्रजी फाइल स्क्रीन रीडर धडाधड वाचतो. मराठी परिपत्रक उघडलं की काहीतरी अगम्य बरळतो. सहकारी म्हणतात, ‘आम्हाला तर मराठी स्वच्छ दिसतंय.’ त्यांना काय सांगू?

उत्तर : त्यांना दिसतंय हे खरंच आहे, म्हणून तर पटवणं अवघड जातं.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत. ती येण्याआधी मराठी टाइप करायची एक युक्ती होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेले फॉन्ट असायचे. कृतिदेव घ्या. त्यात ‘कमल’ लिहायला इंग्रजी डी, ई, वाय दाबायचे. डोळ्याला दिसतं कमल, फाइलमध्ये मात्र डी, ई, वायच साठवलेलं असतं. स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, साठवलेलं वाचतो. तो बिचारा ‘डे’ म्हणतो आणि आपण त्याला बरळतो म्हणतो. कितीतरी जुने मराठी फॉन्ट याच जातीचे आहेत.

सहकाऱ्यांना समजावत बसू नका, करून दाखवा. तो मजकूर निवडायचा आणि त्याचा फॉन्ट बदलून साधा एरियल करायचा. क्षणात सगळं मराठी नाहीसं होतं आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा समोर येतो. मी हे एका बैठकीत केलं होतं. खोलीत जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते. मग कुणीतरी हळूच म्हणालं, ‘तुम्हाला रोज हे ऐकू येतं?’ हो, रोज.

उपाय सांगते. वर्डची फाइल असेल, तर त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर शोधून युनिकोडमध्ये बदला. बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तपासा, बहुतेक घोटाळे तिथेच होतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. पीडीएफ असेल, तर ती गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सने उघडा. तिथे पानाचं चित्र ओळखून मजकूर काढला जातो, आणि मराठीही बऱ्यापैकी ओळखलं जातं. स्कॅन केलेल्या कागदांनाही तोच मार्ग. तक्ते मात्र विस्कटतात. रकमांचा तक्ता असला तर कुणाकडून तरी एकदा ताडून घ्या, चुकीचा आकडा आत्मविश्वासाने वाचला जातो.

खरा उपाय म्हणजे टाइप करणाऱ्याने मुळातच युनिकोड वापरणं. तेवढा अर्ज लेखी द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या परिपत्रकापर्यंत टिकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, जन्मापासून दिसत नाही. मोबाइलवर सगळं बोलूनच लिहिते. निबंधात मात्र ‘परिस्थिती’ तीन प्रकारे लिहिलेली सापडली. बोलून लिहिणं बंद करावं का?

उत्तर : बंद नको, पण त्याच्या जोडीला कीबोर्ड हवाच. बोलून लिहिताना शब्द कसा लिहितात हे यंत्राला ठाऊक असतं, आपल्याला नाही. दिसणारी मुलं पाट्या वाचतात, वेष्टनं वाचतात, त्यांच्या डोळ्यांत शुद्धलेखन आपोआप बसतं. आपल्या मुलांना शब्द फक्त ऐकू येतो, आणि ऱ्हस्व-दीर्घ कानाला फारसं कळत नाही. ब्रेलमध्ये ती वाचत असेल तर ते अजिबात सुटू देऊ नका.

संगणकावर तिला इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिकवा. रोमनमध्ये लिहून मराठी उमटवणारे कीबोर्ड सुरुवातीला सोपे वाटतात, पण त्यात समोर आलेल्या पर्यायांतून निवडत बसावं लागतं. ऐकत ऐकत निवडणं म्हणजे वैताग. इन्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला.

तिची दोन्ही तर्जनी कीबोर्डवरच्या दोन उंचवट्यांवर ठेवा, ते उंचवटे एफ आणि जेवर असतात. उजव्या तर्जनीखाली आता ‘र’ आहे, डाव्या तर्जनीखाली ऱ्हस्व वेलांटी. उजवीकडच्या पुढच्या दोन बोटांखाली ‘क’ आणि ‘त’. डाव्या मधल्या बोटाखाली हलन्त, म्हणजे पाय मोडायचं बटण. उजवी तर्जनी एक घर डावीकडे सरकवली की ‘प’. आता ‘पत्र’ लिहायचं : प, त, हलन्त, र. मधल्या ओळीतून एकही बोट उचललं नाही. ‘तर्क’ही तिथल्या तिथेच : त, र, हलन्त, क. रफार डोळ्याला ‘क’च्या डोक्यावर दिसतो, पण बोटाला आणि कानाला तो ‘क’च्या आधीच येतो. वेलांटीचंही तसंच, आधी व्यंजन, मग वेलांटी. दिसणाऱ्यांना हे उलटं वाटतं. तुमच्या मुलीला वाटणार नाही, तिने शब्द तसाच ऐकलाय.

एनव्हीडीएला टाइप केलेलं प्रत्येक अक्षर बोलू द्या, इन्सर्ट आणि २ दाबून ते चालू-बंद करता येतं. महिनाभर कटकट वाटेल, मग बंद करा.

प्रश्न : ओटीपी येतो, फोन तो एक मोठी संख्या म्हणून वाचतो आणि लिहीपर्यंत मुदत संपते.

उत्तर : ‘चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे सतरा.’ दानाची रक्कम जाहीर केल्यासारखं! टॉकबॅकमध्ये तीन बोटं डावी-उजवीकडे फटकारून ‘अक्षरं’ हा वाचनप्रकार निवडा, मग एक बोट खाली खाली फटकारत गेलात की आकडे सुटे ऐकू येतात. एका कानात इअरफोन ठेवा, दुसरा कान जगासाठी. आणि टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन लपवायची सोय आहे, ती चालू असली की शेजारी बसलेल्याला काळी काच दिसते आणि तुमचं काम चालूच राहतं. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टिचकी. मी तर बॅटरी वाचवते म्हणून सांगते, खरं कारण वेगळं.

प्रश्न : माझ्या नवऱ्याची नजर वर्षभरात गेली. मी मदत करायला जाते आणि भांडण होतं. माझं काय चुकतं?

उत्तर : तुम्ही लिहिलं नाहीत, तरी अंदाज बांधते : तुम्ही त्यांच्या हातातून फोन घेता.

एका कार्यालयात माझ्या फोनवर अर्ज भरायचा होता. खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, ‘द्या इकडे मॅडम, पटकन करून देतो.’ बोलणारा फोन त्यांना चालवता येईना, म्हणून त्यांनी टॉकबॅक बंद केलं, काम केलं आणि मुका फोन माझ्या हातात ठेवला. तेव्हा माझा शॉर्टकट लावलेला नव्हता. घरी फोन करायचा, तर फोन मुका. रिक्षा बोलवायची, तर फोन मुका. त्यांनी मनापासून मदत केली होती, आणि मी आत येताना होते त्यापेक्षा जास्त आंधळी होऊन बाहेर पडले. मघाशी सरांना शॉर्टकट आजच बघायला का सांगितलं, ते यावरून कळेल.

तेव्हा हात मागे बांधून शेजारी बसा. ‘इथे दाब’, ‘ते निळं बटण’ हे शब्द महिनाभर विसरा. ‘उजव्या कोपऱ्यात, खालून दुसरं’ हे चालेल. त्यांचं बोट भलतीकडे गेलं तर जाऊ द्या, फोन सांगेलच. आवाजाचा वेग त्यांना ठरवू द्या. काही महिन्यांनी तो इतका वाढेल की तुम्हाला अक्षरही कळणार नाही. तेव्हा चिडू नका, तुमच्या घरात एवढं भराभर वाचणारं दुसरं कुणी नसेल.

एखादा बटणाला नाव नसलेला अ‍ॅप समोर आला आणि फोन नुसता ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहिला, तर मात्र तुमचे डोळे लागतील. तेव्हाही फोन त्यांच्याच हातात. तुम्ही बटणाचं नाव सांगायचं. टॉकबॅकमध्ये अशा बटणांना बहुतेक वेळा आपण लेबल देऊ शकतो. एकदा दिलं की पुढच्या वेळी तुमची गरज पडत नाही.

प्रश्न : आमची पत्रं तुम्ही कशी वाचता?

उत्तर : ईमेल स्वतः वाचते. छापील पत्रावर फोन धरते, ‘डावी कड दिसत नाही’ वगैरे तक्रारी ऐकत हात हलवते आणि मग वाचते. हस्ताक्षरातलं पत्र भाचा वाचून दाखवतो, अधूनमधून स्वतःची मतं घालून, त्यामुळे कुठलं वाक्य तुमचं आणि कुठलं त्याचं ते विचारून घ्यावं लागतं. म्हणून शक्य असेल त्यांनी टाइप करून पाठवा, आणि कृपा करून युनिकोडमध्ये. मागच्या महिन्यात एक दोन पानी पत्र आलं, जुन्या फॉन्टमध्ये. कन्व्हर्टरमधून ते बाहेर आलं तेव्हा रफार सगळे भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले होते. पत्र पाठवणाऱ्यांनी हा अंक वाचला असेल, तर पुन्हा पाठवा. प्रश्न ब्रेल डिस्प्लेबद्दल (पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणारं यंत्र) होता, इतकंच मला कळलंय.