उन्हाळ्यात प्लास्टिक मॉडेलवरचा प्रायमर खरखरीत का होतो आणि टेपसोबत सोलून का निघतो?

लातूरमध्ये मे महिन्यात मॉडेलवर फवारलेला प्रायमर (रंगाआधी देतात तो अस्तराचा थर) खरखरीत झाला आणि रंगवताना भाग झाकायला लावलेल्या टेपसोबत सोलून निघाला, असा अनुभव आपण लिहिला आहे; त्यामुळे खरखरीतपणाचे कारण बहुधा हवेतच आहे. पारा 40 अंशांच्या वर गेला की स्प्रेचे बारीक थेंब मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धवट सुकतात आणि पृष्ठभागावर वाळूसारखे बसतात. म्हणून फवारणी सकाळी लवकर, सावलीत, साधारण 15 ते 20 सेंटिमीटर अंतरावरून आणि पातळ थरांत करावी. कूलरच्या झोतात मात्र करू नये, कारण दमट हवेने लॅकर (थिनरवर आधारित) प्रायमरवर पांढुरकी झाक येऊ शकते. स्प्रेचा डबा उन्हात ठेवणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. आधीच खरखरीत झालेला थर पूर्ण वाळल्यावर 1000 ते 1500 नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने घासल्यास बहुतेक वेळा तो काढून टाकावा लागत नाही.

सोलून निघण्याचा प्रश्न वेगळा आहे. साच्यातून सुटे भाग सहज निघावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा किंवा बोटांचा तेलकट अंश प्लास्टिकवर राहिला, तर प्रायमर धरत नाही. भांड्यांच्या साबणाने व कोमट पाण्याने भाग धुऊन पूर्ण वाळवावेत. पाण्यावर आधारित प्रायमरला टेप लावण्यापूर्वी किमान 24 तास द्यावेत. हार्डवेअरच्या दुकानातील एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने प्रायमर काढण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचे प्लास्टिकच, विरघळते.