लीडरशिपची डिग्री आणि हळदीची पेढी

प्रश्न : मॅडम, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, माझी तिसरी पिढी. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिला अमेरिकेत ‘बिझनेस लीडरशिप’ शिकायचंय, तेही पेनसिल्व्हेनियातल्या दीड-दोन हजार मुलांच्या कुठल्याशा लिबरल आर्ट्स कॉलेजात. नाव इकडे कुणी ऐकलेलं नाही. ‘लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकला का?’ असं तिच्या आजोबांनी विचारलं. लीडरशिप वर्गात बसून येते का? आणि त्यासाठी एवढा पैसा घालावा का?
– एक वडील, सांगली

उत्तर : आजोबांना सांगा, हवी तर चित्रकलाही शिकता येईल. लिबरल आर्ट्स म्हणजे अनेक विषयांची ओळख करून देणारी चार वर्षांची पदवी. सुरुवातीला इतिहास, गणित, विज्ञान, साहित्य असं सगळीकडे हिंडायचं आणि साधारण दुसरं वर्ष संपताना मुख्य विषय ठरवायचा. एम.ए., पीएच.डी.चे वर्ग जवळपास नसतातच, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही प्राध्यापक स्वतः शिकवतात.

नाव ऐकलेलं नाही, हे मनावर घेऊ नका. आयोवातल्या मक्याच्या शेतांमधलं ग्रिनेल कॉलेज तरी सांगलीत कुणाला ठाऊक आहे? इंटेलच्या दोन संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट नॉईस, १९४९ साली तिथून फिजिक्स आणि गणित घेऊन बाहेर पडले. अमेरिकन एक्स्प्रेसचे अनेक वर्षं प्रमुख असलेले केनेथ शनॉल्ट मेन राज्यातल्या बोडन कॉलेजचे, आणि त्यांचा विषय इतिहास. दोघांच्याही पदवीवर ‘लीडरशिप’ नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

आता वर्गात काय येतं ते सांगते. मी ओहायोतल्या अशाच एका छोट्या कॉलेजात अकाउंटिंग शिकवायचे. पहिल्या वर्षाचं लेखनाचं सेमिनारही आमच्याच गळ्यात पडायचं. जळगावकडचा एक मुलगा होता, बारावीला उत्तम गुण. कामगार कंपनी का सोडतात यावर त्याने निबंध दिला : मुद्दे क्रमांक घालून, अधोरेखित करून, आपल्याकडे पेपरात लिहितात तसे. मी प्रत्येक परिच्छेदापुढे लाल शाईने दोनच शब्द लिहून परत दिला : ‘मग काय?’ तो तणतणत ऑफिसात आला, ‘मॅडम, मुद्दे तर सगळे आहेत!’ मुद्दे होते. त्याचं स्वतःचं म्हणणं कुठेच नव्हतं. तोच निबंध त्याला पुन्हा पुन्हा लिहावा लागला, तेव्हा कुठे त्यातून एक ठाम वाक्य निघालं. चौदा-पंधरा जणांच्या टेबलाभोवती मागचा बाक नसतो. गप्प बसलं की गुण जातात.

पुढे तो विद्यार्थ्यांच्या क्लबांना पैसे वाटणाऱ्या समितीवर निवडून आला. स्वतःच्या रूममेटच्या क्लबला ‘यंदा नाही’ म्हणायची वेळ आली, आणि त्याच रात्री त्याच खोलीत झोपायचं होतं. लीडरशिप म्हणतात ती मला तिथे दिसली, वर्गात नाही. पण ते ‘नाही’ कारणांसकट चार ओळींत लिहून द्यायला तो वर्गात शिकला होता.

हा विषय म्हणजे निव्वळ थोतांड, असंही नाही. रिचमंड विद्यापीठाचं जेप्सन स्कूल १९९२ पासून पदवीला लीडरशिप स्टडीज शिकवतं, तत्त्वज्ञान, इतिहास, मानसशास्त्र असा कस लावून. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट मॅकेन्नात लीडरशिपची जोड घेता येते आणि मुख्य विषय इकॉनॉमिक्स-अकाउंटिंग ठेवता येतो. मला विचाराल तर हीच मांडणी बरी. तुम्ही हळकुंड मोडून आतला रंग बघता ना, तसा अभ्यासक्रम मोडून बघा : अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, फायनान्स किती, आणि ‘टीम बिल्डिंग’ किती.

विषयाच्या नावामागे एक व्यवहारही आहे. तिकडे प्रत्येक पदवीला सहा आकडी सीआयपी कोड असतो, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक. सध्याच्या नियमांप्रमाणे परदेशी मुलांना पदवीनंतर तिथे १२ महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. कोड ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) यादीतला असेल तर आणखी २४ महिने मिळतात. ऑर्गनायझेशनल लीडरशिप त्या यादीत नाही. साधं इकॉनॉमिक्सही (४५.०६०१) नाही. इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स (४५.०६०३) मात्र आहे, आणि पुष्कळ छोट्या कॉलेजांनी आपलं इकॉनॉमिक्स त्याच कोडाखाली नेलंय. मुलीला आजच कॉलेजला ईमेल करून कोड विचारायला सांगा.

राहिला पैसा. नावाजलेल्या खाजगी कॉलेजांचा छापील आकडा राहण्या-जेवण्यासकट वर्षाला ८०-९० हजार डॉलरच्या घरात आहे, म्हणजे सत्तर लाख किंवा वर. हा आकडा बघून दार लावून घेऊ नका आणि तो भरूही नका. ॲमहर्स्ट, बोडन यांसारखी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांचाही अर्ज ऐपत न बघता तपासतात आणि गरजेइतकी मदत देतात. प्रवेश अर्थातच महाकठीण. केंटकीचं बेरिआ कॉलेज ट्यूशन फी घेत नाही, पण तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचं काम करावं लागतं. बाकीच्यांकडून सवलत वजा जाता नक्की किती भरायचे, ते चारही वर्षांचं लेखी घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. चांगली मदत मिळाली आणि मुख्य विषय इकॉनॉमिक्स किंवा अकाउंटिंग असला, तर पाठवा. पेढी गहाण टाकून लीडरशिपच्या डिग्रीसाठी पाठवू नका. आणि अर्ज जाईपर्यंत तिला सौद्याच्या वेळी शेजारी बसवा, उधारीची वही तिच्या हातात द्या. अर्जाच्या निबंधाला तिला दुसरा विषय शोधावा लागणार नाही.

प्रश्न : अर्ली डिसिजनने, म्हणजे नेहमीच्या फेरीआधीच, अर्ज केला तर संधी वाढते म्हणतात. करू का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : वाढू शकते, पण तो बांधून घेणारा करार आहे : एकच कॉलेज, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत खरोखर अपुरी पडली तर सुटका होते. पण चार कॉलेजांच्या सवलती शेजारी ठेवून तुलना करायची सोय जाते. घरी पैशाचा प्रश्न असेल तर नेहमीच्या, म्हणजे रेग्युलर फेरीतच कर. बहुतेक ठिकाणी अंतिम तारीख जानेवारीच्या सुरुवातीला असते, आणि मदतीसाठीचा सीएसएस प्रोफाइल हा वेगळा फॉर्म बाबांचे कागद जमवण्यातच आठवडा खातो.