विचारा तर खरं : 'ब्लॅकबर्ड' बघितल्यावर आलेली पत्रं

मागच्या अंकात 'ब्लॅकबर्ड' या इंग्रजी सिनेमावर जेमतेम अर्धा कॉलम लिहिला होता आणि या महिन्यात निम्मी पत्रं त्याचीच. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी : लिलीला एएलएस (हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार) झालाय, आजार आणखी वाढायच्या आत आपण जायचं असं तिने ठरवलंय, नवरा पॉल स्वतः डॉक्टर, औषध तोच आणणार, आणि त्याआधी दोन मुली, जावई, नातू, जुनी मैत्रीण सगळ्यांना समुद्राकाठच्या घरी एका वीकेंडला बोलावलंय. पुढे शेवटापर्यंत सगळं सांगितलंय, बघायचा असेल तर पान उलटा.

ताई, हा सिनेमा मी आईबरोबर बघितला, आई सत्तरीची आहे. मला लिलीचा इतका राग आला, पोरी रडतायत आणि ही आपली ख्रिसमस आधीच उरकून घेते, झाड सजवते, गिफ्ट वाटते. आई मात्र मध्येच म्हणाली, "बरोबर केलं तिने." मी पुढे काही बोललोच नाही. लिली स्वार्थी नाही का? – एक वाचक, सांगली

स्वार्थी म्हणवत नाही मला, पण तुमचा राग कुठून आला ते कळतं. लिलीने मुलींना काही लपवलेलं नाही, दोघींनी आधी हो म्हटलेलं आहे. फक्त ते हो लांबून म्हटलेलं होतं, आणि घरात आल्यावर, आईचा एक हात लुळा पडलेला बघितल्यावर, एकेकीचं हो सुटायला लागतं. मोठी जेनिफर (केट विन्स्लेट) म्हणजे सगळं शिस्तीत करणारी, घरोघरी असते तशी थोरली, ती आधी खंबीर. धाकटी अ‍ॅना आधीच मनाने खचलेली, ती मदतीला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायच्या बेतात. म्हणजे निर्णय झालेला आहे, तारीख ठरलेली आहे, आणि पोरींना बोलावलंय ते निरोपाला, त्यांचं मत विचारायला कुणी बोलावलेलं नाही. माझं भांडण लिलीशी एवढंच आहे. सुसान सरँडन ते इतकं मस्त, इतकं हसत करते ना की आपण तिच्याच बाजूने होतो आणि पोरी उगाच हट्टी वाटायला लागतात.

आता तो मैत्रिणीचा, म्हणजे लिझचा भाग. जेनिफर बापाला लिझचं चुंबन घेताना बघते आणि एका क्षणात फिरते, की यांनाच आईच्या जाण्याची घाई झालीय! मग कळतं की हे लिलीला माहीत आहे, आपल्यामागे पॉल एकटा पडू नये म्हणून तिनेच हे जुळवलंय. इथे सिनेमाची जरा मालिकाच झाली असं मला वाटलं. पण त्या दोन मिनिटांत जेनिफरचं जे होतं ते खरं आहे हो. आपल्या हॉस्पिटलांच्या कॉरिडॉरमध्ये भावाभावांत हेच चालतं, तुलाच घाई, तुलाच प्रॉपर्टी, वगैरे.

आणि सिनेमात काय दिसत नाही सांगू? सेवा. एएलएसमध्ये स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जातात, आधी हात किंवा पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास, आणि बहुतेकांचं डोकं मात्र बऱ्यापैकी शाबूत, म्हणजे सगळं कळत असतं. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 2 ते 5 वर्षं, काहीजण दहाच्याही पुढे जातात, स्टीफन हॉकिंग तर 1963 ला निदान होऊनही 2018 पर्यंत जगले. या मधल्या काळात कूस कोण बदलणार, घास बारीक करून कोण भरवणार, रात्री कफ काढायला कोण उठणार, हे लिलीच्या घरात कुणाला करावंच लागत नाही कारण ती त्याआधीच जाते. मोठं घर, नवरा डॉक्टर, पैशाची ददात नाही. म्हणून सगळी चर्चा मरायच्या हक्काची होते, पातळ भात भरवणाऱ्याची होत नाही.

तुमच्या आईचं म्हणाल तर गप्प बसू नका, विचारा तिला की "बरोबर केलं" म्हणजे नक्की काय बरोबर. त्या वयाच्या माणसांशी बोलताना मी बघितलंय, बऱ्याच जणांच्या डोक्यात विष घेणं वगैरे नसतंच, "मला नळ्या घालून ठेवू नका" एवढंच म्हणायचं असतं. ही अगदी वेगळी गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे कायद्यात बसते. खाली वाचा.

लिलीसारखं औषध घेऊन मरणं अमेरिकेत कायदेशीर आहे ना? मग शेवटच्या दिवशी सगळ्यांनी घर सोडून जायचं असं का ठरलेलं असतं? आणि आपल्याकडे काय? – वाचक, डोंबिवली

सगळ्या अमेरिकेत नाही. ओरेगॉनमध्ये 1994 ला लोकांनी मतदान करून कायदा आणला, अमलात आला 1997 ला. सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य नाही असं दोन डॉक्टरांनी सांगावं लागतं, रुग्ण शुद्धीत हवा, आणि औषध त्याने स्वतःच्या हाताने घ्यायचं. नंतर वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया अशी बरीच राज्यं आली पण सगळी नाही. सिनेमातलं कुटुंब कायद्याच्या बाहेर आहे, म्हणून ठरलेलं असतं की बाकीच्यांनी निघून जायचं, म्हणजे उद्या चौकशी झाली तर कुणी अडकू नये. शेवटी मुली थांबतात ते म्हणून जास्त भिडतं.

आपल्याकडे औषध देऊन मरायला मदत करणं गुन्हाच, मग तो नवरा असो की डॉक्टर. मात्र बरं व्हायची आशा नसताना व्हेंटिलेटर, नळ्या असले उपचार सुरूच न करणं किंवा थांबवणं याला सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला मान्यता दिली, आणि लिव्हिंग विललासुद्धा, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या कागदाला. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की कुणी त्या वाटेला जाईना, 24 जानेवारी 2023 ला ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरपुढे सही, आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं त्यात लिहायची, एकापेक्षा जास्त चालतात. वेळ येते तेव्हा हॉस्पिटलचं एक मेडिकल बोर्ड बघतं, मग दुसरं बोर्ड. विल करायला वकिलाचीच गरज असते असं नाही. पण कागद कपाटात ठेवून मुलांना सांगितलंच नाही तर उपयोग शून्य, कारण आयसीयूच्या दारात रात्री दोनला डॉक्टर विचारतो "व्हेंटिलेटरवर घ्यायचं का" तेव्हा जो उभा असतो तोच उत्तर देतो, आणि तो नेहमी "काय लागेल ते करा डॉक्टर" म्हणतो, दुसरं काही म्हणायची हिंमत कुणाची होणार.

आपल्याकडे प्रायोपवेशन, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण पत्करणं, होतंच की, त्यात नवीन काय? – वाचक, वर्धा

वर्ध्याचे म्हणजे तुम्हाला पवनार सांगायला नको. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये आजारपणात अन्न, औषध नाकारलं, इंदिरा गांधी भेटून गेल्या तरी ऐकलं नाही. सावरकर 1966 ला तसेच गेले. पण नाकारणं आणि दुसऱ्याकडून मागून घेणं यात फरक आहेच, विनोबांनी पॉलसारखं कुणाला पेल्यात औषध कालवायला लावलं नाही. जैनांच्या संथाऱ्यावर (मरेपर्यंतच्या उपवासावर) राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट 2015 मध्ये बंदी घातली, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. म्हणजे आपल्यातही हे एकमताने मिटलेलं नाही.

मी रिटायर्ड नर्स आहे. घरच्यांच्या प्रेमावर एवढं लिहिलंत आणि अरुणाचं नावसुद्धा नाही? – वाचक, परळ

बरोबर बोललात. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग, 27 नोव्हेंबर 1973 ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि 18 मे 2015 ला त्या गेल्या, मधली सगळी वर्षं त्याच हॉस्पिटलात, भान हरपलेल्या अवस्थेत. लेखिका पिंकी विराणींनी त्यांचं अन्न बंद करू द्यावं म्हणून अर्ज केला, 7 मार्च 2011 ला सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला, पण त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवता येतील असंही म्हटलं. आणि अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क कोर्टाने केईएमच्या स्टाफला दिला. एवढ्या वर्षांत अंगाला एक बेडसोर नाही, याची निकालात नोंद आहे. बेडसोर न होऊ देणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत, बाकीच्यांसाठी सांगते, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री सुद्धा, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही, पाठ कोरडी ठेवायची. विराणींना अरुणाची सुटका हवी होती, नर्सना अरुणा हवी होती, आणि मला यातली एकही बाजू खोटी वाटत नाही. लिलीला निदान स्वतः बोलता येत होतं.

डॅनिश बघू की इंग्लिश? – वाचक, पुणे

आधी डॅनिश, 'सायलेंट हार्ट', 2014 चा, दिग्दर्शक बिले ऑगस्टचा. 'ब्लॅकबर्ड' त्यावरूनच केलाय, पटकथा दोन्हींची ख्रिस्तियन टॉर्पचीच. स्टार कमी, रडणं कमी, आणि मोठ्या मुलीच्या कामाला सान सेबास्तियनच्या फिल्म फेस्टिव्हलला बक्षीस मिळालंय, पापरिका स्टीन नाव तिचं. घरात सध्या कुणी खूप आजारी असेल तर मात्र दोन्ही नको, निदान त्यांच्या खोलीत टीव्ही लावून नको. त्यापेक्षा पुण्यात आहात तर आणि पेशंट कॅन्सरचा असेल तर वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह (म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) सेंटर आहे, 1997 पासून, पैसे घेत नाहीत, तिथे एकदा जाऊन या. मुंबईकरांना वांद्र्याचं शांती अवेदना सदन.