सकाळी पाचला उठून करू काय?

प्रश्न : काकू, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, वय ६६. पहाटे पाचला जाग येते आणि मग दिवस संपता संपत नाही. काल सुनेला म्हटलं डाळीत हिंग कमी पडलाय, तर बायकोनेच डोळे वटारले. तुम्ही कसं निभावलंत?

उत्तर : अहो भाऊ, हिंगावरून तर मीही वाईट झालेय, फक्त माझ्या वेळी ते पोह्यातलं मीठ होतं. तीन दिवस कुणी नीट बोलत नव्हतं, आणि गंमत म्हणजे मीठ खरंच कमी होतं! पण बरोबर असणं आणि बोलणं यात फरक असतो हे मला कळायला सत्तरी उलटावी लागली. आता मी मीठ वरून घेते, गपचूप.

दिवसाचं म्हणाल तर मला एसटीने वाचवलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना राज्यात एसटी फुकट झाली ना, तेव्हापासून महिन्यातून एकदा पिशवीत पाण्याची बाटली, दशम्या, आधार कार्ड टाकते आणि निघते, कधी वाई, कधी जेजुरी, कधी नुसतीच बहिणीकडे. तुम्हाला अर्धं तिकीट पडेल, ६५ झाली की मिळतं, कार्ड मात्र विसरू नका, कंडक्टर बघतोच. आणि पाचला जाग येतेच आहे तर पहिली गाडी पकडा की, खिडकी मिळते. बायकोलाही विचारा, बायकांना सरसकट अर्धंच आहे. ती नाही म्हणाली तर मात्र आग्रह करू नका, तिलाही घरात चार तास तुमच्याशिवाय हवे असतील.