पतसंस्थेचं ॲक्सेस ९७ मधलं सॉफ्टवेअर: कन्व्हर्ट करायचं की नव्याने लिहून घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेचं ठेवी-कर्जाचं सॉफ्टवेअर १९९९ च्या सुमारास कोणीतरी ॲक्सेस ९७ (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) मध्ये करून दिलं, ते आजवर चाललं. आता नवा संगणक घेतला तर त्यातलं ॲक्सेस ती एमडीबी (ॲक्सेसच्या जुन्या प्रकारची) फाइल उघडायलाच तयार नाही. कन्व्हर्ट करावं की सगळं नव्याने लिहून घ्यावं, यावर संचालकांमध्ये दोन मतं आहेत.

मी हीच कामं करतो. माझं मत: दोन्ही करा, पण एका वेळी एकच. आधी प्रोग्रॅम जसाच्या तसा नव्या आवृत्तीत आणा, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) पैशापर्यंत जुळवा आणि मगच रचनेला हात लावा. दोन्ही एकदम केलं आणि आकड्यात फरक आला, तर तो कन्व्हर्जनमुळे आला की नव्या कोडमुळे हे कोणालाच सांगता येत नाही. तोवर सभासद पासबुक घेऊन काउंटरवर उभा असतो.

फाइल उघडत नाही याचं कारण साधं आहे. ॲक्सेस २०१३ पासून ९७ चा फॉरमॅट वाचण्याची सोयच काढून टाकली आहे. मध्ये एक पायरी लागते: २००३, २००७ किंवा २०१० यांपैकी कुठलंही ॲक्सेस मिळवा, त्यात फाइल उघडून पुढच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, मग ती नव्या संगणकावर चालते. पण त्याआधी जुना संगणक कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका. त्यावरचं ॲक्सेस ९७ अजून चालत असेल तर फाइलची प्रत घ्या, प्रतीवर कॉम्पॅक्ट-रिपेअर (ॲक्सेसमधलीच फाइल दुरुस्तीची सोय) करा आणि कोड तिथेच एकदा कंपाइल करून, म्हणजे त्यात चुका नाहीत ना हे तपासून बघा. तिथे कंपाइल न होणारा कोड पुढच्या आवृत्तीत आपोआप सुधारत नाही. प्रोग्रॅम सुरू होताना नाव-पासवर्ड विचारत असेल तर एमडीडब्ल्यू फाइलही (त्यात ती नावं-पासवर्ड असतात) जपून घ्या, कारण एसीसीडीबी या नव्या फॉरमॅटमध्ये ती जुनी सुरक्षा राहत नाही आणि वेगळी व्यवस्था करावी लागते. फाइल एमडीई (कोड बंद करून दिलेली) असेल तर मात्र त्यात मूळ कोड नसतो. टेबलं काढता येतात, पण फॉर्म, रिपोर्ट आणि व्याजाचं गणित पुन्हा लिहावंच लागतं. ज्यांनी प्रोग्रॅम केला ते हयात असतील, गावात असतील, तर मूळ एमडीबीसाठी आजच फोन करा.

कन्व्हर्ट झाल्यावर येणाऱ्या नेहमीच्या चुका लवकर सुटतात. कोडमध्ये नुसतं ‘रेकॉर्डसेट’ लिहिलेलं असेल आणि डीएओ, एडीओ (डेटा वाचणारे तयार कोड-संच) या दोन्ही लायब्ररी जोडलेल्या असतील तर टाइप मिसमॅच ही चूक येऊ शकते, कारण ते नाव दोन्हींत आहे. तिथे डीएओ असं स्पष्ट लिहायचं. रेफरन्समध्ये (जोडलेल्या लायब्ररींच्या यादीत) एखादी लायब्ररी ‘मिसिंग’ दाखवत असेल तर तारखेचं साधं फंक्शनसुद्धा अडतं. जुनं कॅलेंडर कंट्रोल ऑफिस २०१० पासून येत नाही. विंडोजची फंक्शन्स थेट बोलावणारा कोड ६४-बिट ऑफिसमध्ये बदलावा लागतो, म्हणून पहिल्या टप्प्यात सरळ ३२-बिट ऑफिस टाका.

खरी काळजी घ्यायची ती गप्प राहणाऱ्या चुकांची.

पहिली तारखेची. ॲक्सेसमध्ये क्वेरीतली (डेटा मागणाऱ्या सूचनेतली) तारीख दोन हॅशच्या (#) मध्ये लिहितात आणि ती आधी महिना, मग दिवस अशी वाचली जाते. जुन्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा चौकटीत टाइप केलेली तारीखच जशीच्या तशी हॅशमध्ये घातलेली असते. जुन्या संगणकाची तारखेची सेटिंग अमेरिकी असेल तर सगळं बरोबर चालत आलेलं असतं. नव्या संगणकावर आपली दिवस-महिना सेटिंग असते आणि ०५/०४ म्हणजे ५ एप्रिलची कीर्द (रोजची जमा-खर्च नोंद) मागितली की ४ मेची निघते. १३ एप्रिलची मात्र बरोबर निघते, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धात तपासणी केली तर ही चूक दिसतच नाही. जुन्या संगणकाची रीजनल सेटिंग पाहून लिहून ठेवा, आणि कोडमध्ये सगळीकडे तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने क्वेरीत द्या. तसंच, ॲक्सेस ९७ दोन आकडी वर्षात ०० ते २९ म्हणजे २०००–२०२९ धरतं आणि ३० म्हणजे १९३०. पाच वर्षांच्या ठेवींची मुदत आता २०३० च्या पुढे जाते आहे, तेव्हा मुदतीच्या तारखा आजच चाळून घ्या आणि वर्ष चार आकडीच घेतलं जाईल असं करा.

दुसरी पूर्णांकाची. ॲक्सेस ९७ मध्ये राउंड हे रक्कम पूर्णांकात आणणारं फंक्शन नव्हतं, म्हणून प्रोग्रॅमर रकमेत अर्धा मिळवून पूर्णांक घ्यायचे. त्या रीतीने २.५० चे ३ होतात. नवा माणूस ती ओळ बघतो, त्याला ती जुनाट वाटते, आणि तो तिथे राउंड टाकतो. व्हीबीएचं (ॲक्सेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेचं) राउंड मधोमध आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, त्यामुळे २.५० चे २ होतात, पण ३.५० चे ४ च होतात. पुढे डेटा एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या डेटाबेसवर) नेलात तर तिथलं राउंड पुन्हा ३ देतं. हजारभर ठेव खात्यांवर व्याज टाकलं की तेरजेत काही रुपयांचा फरक पडतो आणि लेखापरीक्षक त्याच्यावर बोट ठेवतो. व्याजाच्या गणिताची एक ओळही ‘सुधारण्या’आधी जुन्या आणि नव्या प्रोग्रॅमवर एकाच महिन्याचं व्याज काढून खातेवार ताडून पाहा.

तिसरी मराठी नावांची. त्या काळात नावं बहुधा श्रीलिपी, शिवाजी किंवा सीडॅकच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. टेबलमध्ये खरं तर रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड साठवलेले असतात, फॉन्टमुळे ते मराठी दिसतात. पहिल्या टप्प्यात तोच फॉन्ट नव्या संगणकावर टाकून काम चालवा. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-कोडमध्ये) नेणं हे दुसऱ्या टप्प्याचं काम, आणि ते नीट करायला वेळ लागतो. ‘शिर्के’ हेच नाव घ्या. अशा फॉन्टमध्ये ते दिसतं त्या क्रमाने टाइप होतं: आधी वेलांटी, मग श, मग क, मात्रा आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये श, त्याची वेलांटी, मग र आणि हलन्त, मग क आणि मात्रा. कन्व्हर्टरला वेलांटी श च्या नंतर आणि रफार क च्या आधी असे दोन्ही हलवावे लागतात. गोऱ्हे, कऱ्हाडकर अशी नावं, जोडाक्षरं आणि नावात इंग्रजी आद्याक्षरं असलेले सभासद हाताने तपासा, शक्यतो गावातली आडनावं माहीत असलेल्या कर्मचाऱ्याकडून. ठेव पावतीवर वारसाचं नाव चुकलं तर त्याचा त्रास त्या कुटुंबाला होतो. युनिकोड झाल्यावर नावं खऱ्या अर्थाने मराठी वर्णक्रमाने लावता येतात, शोधता येतात, एवढ्या एका कारणासाठीही ही मेहनत घ्यावी. एक अडचण आधीच सांगतो: व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी लिहिलं की प्रश्नचिन्हं होतात. मराठी संदेश कोडमध्ये न लिहिता एका टेबलमध्ये ठेवा आणि छोट्या फॉर्मवर दाखवा.

रचना बदलायला घ्याल तेव्हा सगळ्यात आधी टेबलं एका फाइलमध्ये आणि फॉर्म-रिपोर्ट दुसऱ्या फाइलमध्ये असे वेगळे करा. प्रत्येक काउंटरला दुसऱ्या फाइलची आपापली प्रत द्या, पहिली एकाच जागी राहू द्या. मग दर वर्षासाठी केलेली वेगळी टेबलं एकत्र आणा, पिग्मी एजंटांची नोंद वेगळी काढा. ॲक्सेसची मर्यादा २ जीबी आहे, एका शाखेच्या संस्थेला ती सहसा पुरते. दोन-तीन शाखा जोडायच्या असतील तर टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर न्या. तेव्हा लक्षात असू द्या की ॲक्सेसमध्ये ‘हो’ म्हणजे वजा १ आणि तिथे अधिक १. हो-नाही रकान्याची बेरीज करून खाती मोजणारे रिपोर्ट उलट्या चिन्हाचे आकडे देऊ शकतात.

बदलाची तारीख ३१ मार्चच्या तोंडावर धरू नका. मी साधारण जूनमध्ये सुरुवात करतो, दोन्ही प्रोग्रॅममध्ये रोजच्या नोंदी करायला लावतो आणि दोन महिन्यांच्या तेरजा जुळल्यावरच जुना बंद करतो. तुमची फाइल एमडीबी आहे की एमडीई, आणि नावं कुठल्या फॉन्टमध्ये आहेत, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.