हापसा, दंडघेर आणि बंद रस्ता

वाचक विचारतात

मागच्या अंकात पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोवर टिपण होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सोलापूर जिल्ह्यातली काही इथे घेतली आहेत. ज्यांचं टिपण हुकलं त्यांच्यासाठी थोडक्यात : समुद्रकिनारा नसलेला हा देश २०१५ पासून सशस्त्र गटांच्या हिंसाचारात होरपळतो आहे. २०२२ मध्ये जानेवारीत आणि सप्टेंबरमध्ये, अशी दोनदा लष्करानं सत्ता उलथवली. उत्तरेकडच्या जिबो शहराला अल-कायदाशी संलग्न जेएनआयएम या गटानं फेब्रुवारी २०२२ मध्ये वेढा घातला आणि शहराचा रस्ता बंद झाला. खालच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ त्या रस्त्यात आहे.

तिकडे आमच्यासारखीच ज्वारी-बाजरी पिकते, मग उपासमार कशी? आणि जगभरातून धान्य जातं तर पोहोचत का नाही?
*— एक शेतकरी, मंगळवेढा*

ज्वारी पिकते, पण शेत वेशीबाहेर असतं, आणि वेढलेल्या गावातून वेशीबाहेर गेलेलं माणूस परत येईलच याची खात्री नसते. तुमची मालदांडी ज्वारी रब्बीची, जमिनीतल्या ओलीवर येते. पेरणी आठ-पंधरा दिवस मागंपुढं झाली तरी निभावतं. तिकडची ज्वारी खरिपाची, जून-जुलैच्या पावसावर पेरायची आणि ऑक्टोबरच्या सुमारास काढायची. पेरणीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत शेतात जाता आलं नाही की वर्ष हातचं गेलं. पुढच्या वर्षी पेरायला बी उरत नाही, कारण ते खाल्लेलं असतं. गुरं लुटून नेल्यामुळं शेणखत नाही आणि अडल्यावेळी विकायलाही काही नाही. जून ते सप्टेंबर कणगी रिकामी असते, तेव्हा लोक रानातला पाला उकडून खातात. जानेवारी २०२३ मध्ये अरबिंडा गावाजवळ असा पाला आणि रानफळं गोळा करायला गेलेल्या पन्नासहून अधिक बायकांना बंदूकधाऱ्यांनी पळवून नेलं. आठवड्यानंतर त्यांची सुटका झाली.

आता धान्य का पोहोचत नाही ते हिशेबानंच पाहा. माणसाला दिवसाला २,१०० कॅलरी धरून शिधा ठरतो. एक नेहमीचा नमुना असा : धान्य ४०० ग्रॅम, डाळ किंवा चवळी ६०, तेल २५, मका-सोयाचं पोषक पीठ ५०, साखर १५ आणि आयोडिनयुक्त मीठ ५. एकूण ५५५ ग्रॅम. दहा हजार माणसांना महिनाभर द्यायचा तर १६६ टनांहून जास्त होतो, म्हणजे दहा टनांचे सतरा ट्रक. हेच हेलिकॉप्टरनं न्यायचं ठरवलं, तर उकाड्यात आणि परतीचं इंधन घेऊन एका फेरीत अडीच टनांच्या आसपास माल बसतो, म्हणून पासष्ट-सत्तर फेऱ्या होतात. आणि जिबोत माणसं दहा हजार नव्हेत. आसपासच्या खेड्यांतून पळून आलेल्यांसकट तिथं लाखोंची दाटी झाली.

म्हणून सगळं ट्रकवर येऊन ठेपतं. राजधानी वागादुगू ते जिबो हे अंतर सोलापूर-पुण्यापेक्षा थोडं कमीच. पण रस्त्यात सुरुंग पेरलेले आणि पूल उडवलेले आहेत. २६ सप्टेंबर २०२२ रोजी लष्कराच्या संरक्षणात जिबोकडं निघालेला ट्रकचा मोठा ताफा गासकिंडे गावाजवळ गाठून जाळला गेला. त्यात सैनिकही मेले आणि ट्रकवाल्यांसह अनेक साधी माणसंही. चारच दिवसांनी देशात दुसरा उठाव झाला. ताफा लष्कराचा असला की तो लक्ष्य होतो, आणि लष्कराशिवाय निघायला कुणी मालक ट्रक देत नाही. मदतीतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. कितीही पैसा जमवला तरी तो एकट्या पैशानं सुटत नाही.

आमच्या बचत गटाला पाचशे सोलापुरी चादरी पाठवायच्या आहेत. कुठं द्याव्यात?
*— अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसरातून*

ताई, गरज खरी आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या रात्री चांगल्याच गार असतात आणि पळून आलेली कुटुंबं जमिनीवर झोपतात. पण चादरी पाठवू नका, असंच आम्ही सांगू. माल आधी शेजारच्या देशांतल्या लोमे, तेमा किंवा आबिदजान बंदरात उतरणार. मग जकात, परवाने, गोदामाचं भाडं, आणि तिथून वागादुगूपर्यंत हजार किलोमीटरच्या आसपास ट्रकचा प्रवास. चादर पोहोचेपर्यंत तिच्या किमतीहून जास्त खर्च वाहतुकीवर झालेला असतो. शिवाय ज्या मोजक्या ट्रकांना पुढं जायला मिळतं, त्यांत जागा धान्याला द्यायची की कापडाला?

दुसरं कारण सोलापूरकरांना सांगायलाच नको. बुर्किना फासो हा कापूस पिकवणारा देश आहे. तिथं हातमागावर ‘फासो दान फानी’ नावाचं पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड विणतात आणि विणणाऱ्या बहुतेक बायकाच. थॉमस सांकारा अध्यक्ष असताना, १९८० च्या दशकात, सरकारी नोकरांनी हेच कापड घालावं असा त्यांचा आग्रह होता. विस्थापित बायकांनाही या मागांवर काम मिळतं. बाहेरून फुकटचा गठ्ठा आला की त्यांचं कापड पडून राहतं. माग बंद पडल्यावर घराचं काय होतं, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीनं पाहिलेलं आहे.

त्यापेक्षा पैसे द्या, पण नीट. गटानं गावात वर्गणी गोळा करून परस्पर परदेशी पाठवू नये. गणेश मंडळांनासुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते, आणि भारतातल्या न्यासानं देशाबाहेर खर्च करायचा तर आयकराचे वेगळे नियम लागतात. प्रत्येकीनं स्वतःच्या नावानं द्यावं. बँकेमार्फत परदेशी देणगी पाठवता येते. पॅन लागतो, ए-२ फॉर्म भरावा लागतो, आणि त्यावर आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही. भारतात नोंदलेल्या संस्थेला दिलं तर सवलत मिळू शकते, पण आधी लेखी विचारा की हा पैसा बुर्किनात जाईल की भारतातल्याच कामावर खर्च होईल. बऱ्याचदा दुसरंच होतं. त्यात गैर काही नाही, फक्त तुम्हाला ते आधी माहीत असावं.

दंडघेर तिकडेही मोजतात का? आणि शेंगदाण्याच्या पाकिटाबद्दल लिहिलंत, ते आपल्याकडच्या शेंगांपासून घरी करता येईल का?
*— अंगणवाडी सेविका, मोहोळ तालुका*

पट्टी तीच आणि मापंही तीच. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), ११५ ते १२५ पिवळा म्हणजे मॅम (मध्यम कुपोषण), त्यापुढं हिरवा. चुका कुठं होतात हे तुम्हाला ठाऊकच आहे : पट्टी आवळली जाते, किंवा मध्य नजरेनंच ठरवला जातो. तीन-चार मिलिमीटरच्या फरकानं मूल उपचारातून सुटतं. जिथं सेविका पोहोचू शकत नाही अशा वेढलेल्या गावांत ही पट्टी आईच्याच हातात देणं सगळ्यात उपयोगी ठरतं. तिला आकडे वाचता आले नाहीत तरी चालतं, रंग कळला की पुरे. सोबत सूज पाहायला शिकवायचं : दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं तीन सेकंद दाबायचं. दोन्हीकडं खळगा तसाच राहिला तर पट्टी हिरवी दाखवत असली तरी मूल गंभीर आहे.

सॅम मुलांच्या उपचाराचं ते पाकीट ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरींचं. त्यात शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण असतं. पाणी अजिबात नसल्यामुळं जंतू वाढत नाहीत, शिजवायला सरपण लागत नाही आणि फ्रिजही लागत नाही. तेल वर तरंगतं, म्हणून उघडण्याआधी पाकीट बोटांनी चांगलं मळायचं, मग कोपरा फाडून थोडं थोडं चाटवायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाला आधी दूध, मग हे. सोबत पिण्याचं स्वच्छ पाणी हवंच. सात किलोच्या मुलाला दिवसाला साधारण अडीच पाकिटं लागतात. दीडशे पाकिटांचं चौदा किलोच्या आसपासचं एक खोकं एका मुलाला सहा ते आठ आठवडे पुरतं. रस्त्याच्या भाषेत सांगायचं तर दहा टनांचा एक ट्रक म्हणजे सातशे मुलं.

सुरू करण्याआधी भुकेची चाचणी घेतात. आईच्या मांडीवर शांत बसवून मूल हे खातं का ते पाहायचं. तोंडच फिरवत असेल, ताप असेल किंवा मूल मलूल असेल तर पाकीट देऊन घरी पाठवायचं नाही. त्याला दवाखान्यात ठेवून आधी एफ-७५ हे हलकं दूध थोडं थोडं देतात. उपाशी शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार बिघडून मूल दगावू शकतं.

घरी करण्याबद्दल : नको. आपली शेंगाचटणी तिखट-मिठाची, ती या मुलांना चालणारच नाही. नुसतं शेंगदाणा-गुळाचं कूटही औषध होत नाही, कारण दूध आणि खनिजांचं प्रमाण मोजून घातलेलं असतं. शिवाय दमट जागी ठेवलेल्या शेंगांवर बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. कारखान्यात त्याची तपासणी होते, घरच्या मिक्सरला ती जमत नाही. मॅममधल्या किंवा बऱ्या मुलाला शेंगा-गूळ जरूर द्या.

वेढ्यातल्या गावात पिण्याच्या पाण्याचं काय करतात? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मिळते का?
*— ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, सांगोला तालुका*

हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातून यावा याला एक अर्थ आहे. तुमच्या गावातला हापसा ज्या इंडिया मार्क-२ जातीचा असेल, त्या पंपाचं मूळ ‘शोलापूर पंपा’त आहे. १९७० च्या दशकात इथल्या शोलापूर वेल सर्व्हिसच्या आराखड्यावरून युनिसेफ आणि भारत सरकारनं तो विकसित केला. दांडा एकाच आसावर फिरतो आणि साखळीनं सळई ओढतो, ही त्याची खूण. बुर्किना फासोत आज जे हापसे दिसतात त्यांत हाही आहे.

वेढ्यात त्याचं महत्त्व वाढतं. नळयोजनेला डिझेल लागतं आणि डिझेल रस्त्यानंच येतं. २०२२ च्या सुरुवातीला जिबोत पाण्याच्या ठिकाणांवरच हल्ले झाले. उरतो तो हापसा, नाहीतर सौरपंप. हापसा मिनिटाला बारा लिटर देतो असं धरा. आठ तास एकसारखा हाणला तर ५,७६० लिटर. माणशी दिवसाला किमान १५ लिटरचा नियम लावला तर फक्त ३८४ माणसं. गर्दी त्याच्या कितीतरी पट असते, म्हणून रांग रात्रीही हलत नाही.

सतत चालल्यानं आधी जातात ते सिलिंडरमधले वायसर. लक्षण तुम्हाला माहीत आहे : दांडा हलका लागतो आणि दहा-वीस वेळा हाणल्यावर धार येते. वायसर खिशात मावतो, पण मार्क-२ चा सिलिंडर वर काढायला तिवई, क्लॅम्प, सगळे पाइप उपसायची हत्यारं आणि शिकलेली चार माणसं लागतात. दुसरा त्रास गंजाचा. तिथलं भूजल पुष्कळ ठिकाणी आम्लधर्मी आहे. त्यानं लोखंडी जीआय पाइप आतून गंजतो, पाणी तांबडं आणि कडवट येतं, बायका ते सोडून डबक्याकडं वळतात. अशा ठिकाणी स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे पाइप घालावे लागतात. आणखी एक : पाणी वीस मीटरच्या आत असेल तर हा पंप बसवू नये. सळ्यांचं वजन कमी पडतं, साखळी ढिली होऊन हिसके देते.

टीसीएलऐवजी तिकडं ७० टक्के क्लोरीनची पावडर वापरतात. एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम घातली की एक टक्क्याचं द्रावण होतं. तुमच्या ताज्या टीसीएलची तीस-एक ग्रॅम लागेल. मात्रा ठरवायला वीस लिटरच्या चार बादल्या घ्यायच्या, द्रावण २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर घालायचं, अर्धा तास थांबायचं. ज्या बादलीत लिटरमागं ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन शिल्लक राहतं, ती मात्रा धरायची. समजा ती चार मिलिलिटरची ठरली, तर दहा हजार लिटरच्या रबरी टाकीला दोन लिटर द्रावण लागेल. शिल्लक क्लोरीन तपासायला ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाऐवजी डीपीडीची गोळी वापरतात, रंग गुलाबी येतो. गढूळ पाण्यात क्लोरीन घालून उपयोग नाही, आधी तुरटीनं निवळायचं. उघडी राहिलेली पावडर नासते हे इथलंच तिथंही. आणि वास जास्त आला की लोक ते पाणी पीत नाहीत, म्हणून मात्रा ‘असू दे थोडी जास्त’ म्हणत वाढवायची नाही.

विस्थापितांचा नेमका आकडा किती? वेगवेगळे वाचायला मिळतात.
*— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर*

शेवटचा सरकारी आकडा ३१ मार्च २०२३ चा : २०,६२,५३४. त्यानंतर सरकारनं आकडे देणं थांबवलं, पण पळणं थांबलेलं नाही. तेव्हा कुणी आजची नेमकी संख्या अगदी एककापर्यंत छापली असेल तर तारीख तपासा, बहुधा हीच जुनी असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ साठी मदतीची गरज असलेल्यांचा अंदाज ६३ लाख धरला होता. त्यात घर न सोडलेले पण वेढ्यात अडकलेलेही येतात. म्हणून हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका.

मी स्टाफ नर्स आहे, आयसीयूत पाच वर्षं काढली आहेत. कोटणीस स्मारकावरून रोज जाते. तिकडं काम करायला जाता येईल का?
*— सोलापूर शहर*

जाता येईल, सिस्टर, पण लगेच नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. तुमचीही पहिली पायरी भाषेचीच. बुर्किनात दवाखान्याचा कारभार फ्रेंचमध्ये चालतो, तर रुग्ण मोरे, ज्युला किंवा फुलफुल्दे बोलतात. फ्रेंच बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे अडखळल्याशिवाय बोलता येईल इथपर्यंत न्या. रोज तास-दोन तास दिले तरी दीड-दोन वर्षं धरून चाला.

आयसीयूपेक्षा तिथं बालकुपोषण, मलेरिया, बाळंतपण आणि लसींची २ ते ८ अंशांची शीतसाखळी सांभाळणं जास्त लागतं. तेव्हा एखादं वर्ष सिव्हिलमध्ये किंवा ग्रामीण रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र आणि प्रसूती कक्षात काढा. वेढ्यातलं बहुतेक काम तिथल्याच परिचारिका, मदतनीस आणि चालक करतात. बाहेरून येणाऱ्याचं काम त्यांना शिकवणं आणि पुरवठा सांभाळणं हे असतं.

धोका लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या खुणा स्पष्ट दिसणाऱ्या गाडीवर गोळीबार होऊन दोन कर्मचारी गेले, दोघंही बुर्किनाचेच. हिंसा एकाच बाजूची नाही. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदिन आणि सोरो या गावांत २२३ गावकऱ्यांना मारल्याचा ठपका ह्यूमन राइट्स वॉचनं लष्करावर ठेवला आहे. म्हणून तिथं परिचारिकेनं कुणाच्या बाजूनं बोलायचं नसतं, फोटो टाकायचे नसतात, लष्कराच्या गाडीत बसायचं नसतं. घरच्यांशी हे आधी मोकळेपणानं बोला. मुलाखतीत पहिल्यांदा हेच विचारतात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते. तिचं पिवळं कार्ड आयुष्यभर चालतं, तेव्हा ते पासपोर्टसोबतच ठेवा.